घरातला पैसा : विश्वास कुठे ठेवायचा, कागद कुठे बघायचा



या वेळचा अभ्यास पाठ नेहमीसारखा नाही. विषय पैशाचा आहे. काही जण म्हणतील, सत्संगाच्या पत्रिकेत हे कशाला? पण समर्थांनी दासबोधाच्या बाराव्या दशकात पहिल्याच समासात आधी प्रपंच नीट करायला सांगितलाय, परमार्थ त्याच्यानंतर. दारात हप्तेवाला उभा असेल तर जपाला बसून मन कुठे लागणार? म्हणून हा पाठ घरात मोठ्याने वाचा. सुनेला वाचून दाखवा, कॉलेजात जाणाऱ्या मुलाला वाचायला लावा.

विषय निघाला तो असा. गेल्या महिन्यात आपल्या एका ग्रुपवर एक जाहिरात फिरली. वर गुरुमाऊलींचा फोटो, खाली कमळाचं चित्र आणि मजकूर असा की एक लाख ठेवा, दर महिन्याला तीन हजार घ्या, मुद्दल केव्हाही परत. पाठवणारे आपलेच एक गुरुबंधू. त्या दिवशी मला तीन भगिनींचे फोन आले. तिघींचं बोलणं एकच, "ताई, ठेवू का? आपलाच माणूस आहे." मी ग्रुपवर फक्त "ही पोस्ट काढा" एवढंच लिहिलं. कारण दिलं नाही. त्यावरून दोन-चार जणांना राग आला, एका काकांनी तर मला "तुमचा आपल्याच माणसांवर विश्वास नाही का?" असं विचारलं. त्या काकांना उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज देते.

आधी माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे कुणाला वाटणार नाही की ही शहाणपण शिकवायला बसलीय.

मी बी.कॉम. झालेली. डेबिट-क्रेडिट सगळं पाठ. तरी २०११ साली गावाकडच्या एका छोट्या पतसंस्थेत मी ४० हजार ठेवले. बँक तेव्हा ९ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होती, ही पतसंस्था १३ देत होती. तिथे पैसे गोळा करणारे भाऊ आमच्या सत्संगातले, कपाळाला गंध, तोंडात सतत गुरूंचं नाव. मी पावतीवरचा नोंदणी क्रमांकसुद्धा वाचला नाही. आणि एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. मी आणखी तीन घरांना सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर पैसे ठेवले. दोन वर्षं व्याज वेळेवर आलं, तिसऱ्या वर्षी शटर खाली. तिघींपैकी एकीचे पैसे मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले होते. मी माझ्या दोन पाटल्या मोडून तिला काही रक्कम दिली. तिने ती घेतली, पण घेताना माझ्याकडे बघितलं नाही. मला स्वतःला आजपर्यंत साडेसहा हजार परत मिळालेत. संस्थेचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

खानदेशातल्या माणसाला हे नवं नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेचं, म्हणजे बीएचआरचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. २०१५ साली तिच्या संस्थापकांना आणि संचालकांना अटक झाली आणि किती तरी शिक्षक, शेतकरी, निवृत्त माणसं हातात पावत्या घेऊन फिरत राहिली. (आमची संस्था ती नव्हे, ती दुसरीच.) सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. गावोगावी चांगल्या चालणाऱ्या आहेत, अडीनडीला त्याच कामाला येतात. पण एक फरक मला तेव्हा माहीत नव्हता आणि तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

बँकेतल्या ठेवीला विमा असतो. रिझर्व्ह बँकेचंच एक महामंडळ आहे, ठेव विमा आणि पतहमी महामंडळ. बँक बुडाली तर एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी मिळून, व्याजासकट ५ लाखांपर्यंत रक्कम ते देतं. सरकारी बँक, खाजगी बँक, ग्रामीण बँक, सहकारी बँक सगळ्या यात येतात. ही रक्कम १९९३ पासून १ लाखच होती. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. म्हातारी माणसं बँकेच्या दारात रडताना आपण टीव्हीवर बघितली. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून विमा ५ लाख झाला.

पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. तिचं नाव कितीही मोठं असो, शाखा चार राज्यांत असोत, काउंटर बँकेसारखा चकचकीत असो, मागे ते महामंडळ उभं नसतं. पतसंस्थांनी नावात 'बँक' शब्द वापरू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं ते याचसाठी. माझ्या १३ टक्क्यांमधले वरचे ४ टक्के हे या नसलेल्या विम्याची किंमत होते. मला ते बक्षीस वाटलं होतं.

म्हणून "किती टक्के?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की पैसा कुणाच्या हाती जातोय आणि तो माणूस उद्या गायब झाला तर मी कुणाच्या दारात जाऊ?

आता त्या जाहिरातीकडे येते. महिन्याला तीन टक्के. ऐकायला लहान वाटतं, म्हणून हिशेब करून बघू. एक सोपी युक्ती आहे, ७२ ला व्याजाच्या दराने भागायचं, म्हणजे पैसे किती काळात दुप्पट होतात ते अंदाजे कळतं. बँकेत ७ टक्के मिळाले तर ७२ भागिले ७, साधारण १० वर्षं. महिन्याला ३ टक्के असेल आणि व्याज त्यातच ठेवलं, तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने. दर दोन वर्षांनी दुप्पट. मग १ लाखाचे दोन वर्षांत २, चार वर्षांत ४, सहा वर्षांत ८, आठ वर्षांत १६ आणि दहाव्या वर्षी ३२ लाख. पलसाण्यात एवढ्या प्रोसेस मिला आहेत, चलथाणला साखर कारखाना आहे, इतके मोठमोठे शेठ आहेत. वर्षानुवर्षं न चुकता दर दोन वर्षांनी पैसे दुप्पट होणारा धंदा त्यांच्यापैकी कुणाचा आहे, शोधून सांगा. आणि असा धंदा खरंच कुणाकडे असेल, तर बँक त्याला १२-१४ टक्क्यांनी कर्ज देईल. तो आपल्यासारख्या गिरणीच्या पगारावर जगणाऱ्या घरांना ३६ टक्के का देईल? हा प्रश्न मी त्या तिन्ही भगिनींना विचारला. एकीने लगेच फोन ठेवला. दुसरी म्हणाली, "ताई, पण शेजारणीला दोन महिने आलेत पैसे."

येणारच. सुरुवातीला येतातच. १९२० साली अमेरिकेत बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी म्हणून एक माणूस होता, इटलीहून आलेला. टपालाच्या कूपनांचा धंदा करतो असं सांगून त्याने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आश्वासन दिलं. खरा धंदा जवळजवळ नव्हताच, नव्या लोकांचे पैसे घेऊन तो जुन्यांना देत होता. नवे लोक येईनात तेव्हा काही महिन्यांतच सगळं कोसळलं. अशा योजनेला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. मला त्यातली एक गोष्ट जास्त लागली. त्याच्याकडे पैसे ठेवणाऱ्यांमध्ये इटलीहून पोट भरायला आलेले कामगार पुष्कळ होते. परमुलखात आपल्या भाषेत बोलणारा, आपल्या देवाला मानणारा माणूस भेटला, त्यांनी कागद मागितला नाही.

आपलं काय वेगळं आहे? जळगाव, धुळे, नंदुरबारहून आपण नवापूरच्या रस्त्याने इथे आलो. कुणी उधन्याला, कुणी लिंबायतला, कुणी पलसाण्याला खोली घेतली. कुणी अहिराणीत दोन शब्द बोललं की आपलं मन विरघळतं. त्यात तो गुरुबंधू असेल तर विचारायलाच नको. फसवणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. त्याला तुमच्याशी ओळख करून घ्यायला दहा वर्षं लागली असती, ती सत्संगात एका दिवसात होते. दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानाने दर आठवड्याला परतावा देतो म्हणून पैसे घेतले, २०२५ च्या जानेवारीत दुकान बंद आणि रस्त्यावर गर्दी. तिथेही बरेच जण ओळखीच्यांच्या सांगण्यावरून गेले होते.

त्या काकांना माझं उत्तर एवढंच आहे. माझा आपल्या माणसांवर विश्वास आहे. रात्री दोन वाजता दवाखान्यात जायचं झालं तर मी गुरुबंधूंनाच हाक मारीन. पण ठेव घ्यायची परवानगी कुणाला आहे, ते माणसाचा स्वभाव बघून कळत नाही, ते कागदावर असतं. ठेव घेणाऱ्या बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. म्युच्युअल फंडाला आणि शेअर दलालाला सेबीची नोंदणी लागते, ती सेबीच्या वेबसाइटवर नावाने शोधता येते. विमा विकणाऱ्यावर आयआरडीएआय असते. यांपैकी काहीच नसताना लोकांकडून ठेवी घेणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने गुन्हा आहे. "तुम्ही चार जण आणा, तुम्हाला कमिशन" अशी साखळी तर १९७८ च्या कायद्यानेच बंद केलेली आहे. म्हणजे जो दुसऱ्यांना आणतो तोसुद्धा अडकतो. २०११ साली मी आणलेल्या तीन घरांबद्दल मला कमिशन मिळालं नव्हतं, पण मिळालं असतं तर मी कोर्टात कुठे उभी राहिले असते, हा विचार आजही येतो. संशय आला तर रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं पोर्टल आहे, तिथे तक्रार करता येते.

जाहिरात पाठवणाऱ्या दादांशी मी नंतर बोलले. त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं. त्यांनी स्वतःचेच दोन लाख त्यात ठेवलेत, भावाचे पन्नास हजार वेगळे. मी त्यांना पाटल्यांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्यांनी अशा ठिकाणी पैसे ठेवलेत त्यांनी लाजू नका. मुद्दल लेखी मागा, मेसेज आणि पावत्या जपून ठेवा, मुदत वाढवा म्हणाले तर वाढवू नका, नवे पैसे तर अजिबात घालू नका. मोबाइलवरून फसवून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे निघून जातात. आणि हेही सांगून ठेवते की गुरुमाऊलींचा फोटो कुठल्याही पैशाच्या योजनेवर लावायला आपल्या सेवा समितीने कुणालाही परवानगी दिलेली नाही. असा फोटो दिसला की तिथेच सावध व्हा.

हे झालं पैसे वाचवण्याचं. आता वाढवण्याचं, कारण नुसतं घाबरून गादीखाली ठेवले तर महागाई खाते. महागाई ६ टक्के धरली तर तीच ७२ ची युक्ती सांगते की १२ वर्षांत किराणा दुप्पट.

सुरुवात वहीने करा. दिवाळीला इथले व्यापारी चोपडापूजन करतात, आपण घरात वहीला हळदकुंकू लावतो आणि कोरीच ठेवून देतो. शंभर पानी वही घ्या. एका पानावर या महिन्यात आलेला पैसा, समोरच्या पानावर गेलेला. तंबाखू-मावा, मोबाइल रिचार्ज, बाहेरचा नाश्ता हेही लिहा. हे लिहिताना घरात भांडण होतं, होऊ द्या. आमच्याकडे पहिल्या महिन्यात झालं होतं. नवऱ्याचं म्हणणं, पगार मी आणतो मग हिशेब तू का मागतेस? मी म्हटलं, तुम्ही पाळीवर असता तेव्हा दूधवाला, गॅसवाला, शाळा सगळे माझ्याकडे मागतात, म्हणून.

इथे साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांची गोष्ट सांगायलाच हवी. दुष्काळी भाग. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या कांताबाईंना थोडेथोडे पैसे बँकेत टाकायचे होते, पण एवढ्याशा रकमेसाठी कुणी खातं उघडेना. तेव्हा चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला, कारण अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका परत गेल्या. त्यांनी साहेबांना सांगितलं की आम्हाला अक्षर येत नाही पण हिशेब येतो, कुठल्याही रकमेवरचं व्याज तोंडी काढायला सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मी हे वाचलं तेव्हा मला माझी बी.कॉम.ची मार्कशीट आठवली. त्या बायका शाळेत न जाता व्याज काढत होत्या आणि मी पदवी घेऊन पावतीवरचा क्रमांक वाचला नव्हता.

तर आपणही व्याज काढायला शिकू. घरातलं उदाहरण भिशीचं घ्या, इथल्या गुजराती शेजारणी वीसी म्हणतात ती. वीस जणी, दर महिन्याला दोन हजार, वीस महिने. चिठ्ठी निघेल तिला ४० हजार. यात व्याज नाही असं आपण म्हणतो. खरं तर आहे. जिचा पहिला नंबर लागला तिला बिनव्याजी कर्ज मिळालं. जिचा शेवटचा, तिने वीस महिने दुसऱ्यांना पैसे वापरायला दिले. तेच दोन हजार तिने बँकेच्या आवर्ती खात्यात टाकले असते, तर साडेसहा टक्क्यांनी सुमारे सव्वादोन हजार व्याज आलं असतं. भिशी बंद करा असं मी म्हणणार नाही. मीही एका भिशीत आहे. हातात पैसा टिकत नाही अशा बाईला भिशी शिस्त लावते, आणि कुणी अडली तर नंबर बदलून देतात, बँक देत नाही. पण ओळखीच्या बायका, लहान रक्कम, आणि मधेच कुणी गाव सोडून गेली तर काय, हे आधी ठरलेलं असावं. लिलावाची मोठी भिशी, जिथे चालवणाऱ्याला तुम्ही नीट ओळखतही नाही, ती वेगळी गोष्ट, तिच्यात जाऊ नका.

कर्जाचं गणित याहून फसवं. मिक्सर, मोबाइल, गाडी, किंवा गटातलं कर्ज घेताना एजंट म्हणतो "दोन टक्के फ्लॅट". समजा ६० हजार घेतले, १२ महिन्यांत फेडायचे. दोन टक्के फ्लॅट म्हणजे महिन्याला १,२०० व्याज, वर्षाचं १४,४००. हप्ता ६,२००. आपण म्हणतो वर्षाला २४ टक्के पडलं. पण थांबा. सहा महिन्यांनी आपण निम्मं मुद्दल फेडलेलं असतं, तरी व्याज पूर्ण ६० हजारांवरच चालू असतं. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे मुद्दल उरतं पाचेक हजार, व्याज मात्र १,२००. शिल्लक मुद्दलावर हिशेब मांडला तर हा दर महिन्याला जवळजवळ साडेतीन टक्के, वर्षाला सुमारे ४२ टक्के पडतो. म्हणून कर्ज घेताना दोनच गोष्टी विचारा. व्याज घटत्या शिल्लकीवर आहे का, आणि शेवटी एकूण किती रुपये परत करायचे? दुसरा आकडा कागदावर लिहून घ्या. ज्या घरात असं ४२ टक्क्यांचं कर्ज चालू आहे, त्या घराने दुसरीकडे ७ टक्क्यांची ठेव करणं म्हणजे एका हाताने भरलेली बादली दुसऱ्या हाताने ओतणं. आधी ते कर्ज फेडा. सोनं असेल तर बँकेत गहाण ठेवून घेतलेलं कर्जसुद्धा यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

सोन्यावरून एक सांगते, कुणी रागावू नका. सोनं असावं, मलाही आवडतं. पण दागिना घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो, मोडताना त्यातलं काही परत मिळत नाही. पाटल्या मोडल्या तेव्हा मला हे सराफाच्या दुकानात उभं राहून कळलं.

आता पीएफ. आपल्याकडचे बहुतेक पुरुष मिलमध्ये, काही ठेकेदाराकडे. जिथे कायदा लागू आहे तिथे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक घालतो, त्यातला काही भाग पेन्शनला जातो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत या पैशावर ८.२५ टक्के व्याज लागलं, बँकेपेक्षा जास्त. पण किती जणांनी आपलं पासबुक बघितलंय? मी मागच्या सत्संगानंतर अकरा जणांना विचारलं, दोघांना यूएएन नंबर पाठ होता. हा बारा आकडी नंबर पगाराच्या पावतीवर असतो. उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं. दर महिन्याला रक्कम जमा होते का ते बघा, कारण कापली म्हणजे भरली असं नाही. नोकरी बदलली की पीएफ काढून मोकळं होण्याची आपल्याकडे सवय आहे. मोबाइल येतो, पैसा जातो, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षांची सेवा पुन्हा शून्यापासून मोजावी लागते.

यात बायकांनी लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे, पीएफबरोबर एक विमाही असतो, ईडीएलआय नावाचा, त्याचा वेगळा पैसा आपल्याकडून घेत नाहीत. नोकरीत असताना माणूस गेला तर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण ऑनलाइन नॉमिनेशन केलेलं नसेल, आधारवर नाव एक आणि पीएफमध्ये दुसरं असेल, तर त्या बाईला दुःखात ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्या ओळखीतल्या एका वहिनींना असं चौदा महिने फिरावं लागलं. लग्नानंतर बदललेलं नाव कुठेच दुरुस्त केलेलं नव्हतं, एवढंच कारण. तेव्हा नवऱ्याला विचारायला संकोच करू नका. हे अपशकुनाचं बोलणं नाही.

बँकेत खातं असेल तर दोन लहान विमे लगेच करून टाका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख, १८ ते ५० वयात घेता येतो. मिलमधून रात्रपाळी संपवून हायवेवरून मोटारसायकलने घरी येणाऱ्या माणसाच्या घरात २० रुपयांचा विमा नसावा, हे मला पटत नाही. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, ३१ मेच्या सुमारास खात्यात तेवढी शिल्लक ठेवा.

त्यानंतर तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात. दिवाळीला मिला बंद होतात, मंदी आली की पाळ्या कमी होतात, आणि २०२० ची टाळेबंदी तर कुणी विसरलेलं नाही. एकदम जमणार नाही. दर पगाराला पाचशे टाका, दिवाळीच्या बोनसमधला अर्धा भाग टाका, हळूहळू होईल. शक्यतो घरातल्या बाईच्या नावाने ठेवा. हा माझा पक्षपात आहे, पण मी तो बदलणार नाही.

हे सगळं झाल्यावर लांबच्या पल्ल्याचं बघा. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी, वर्षाला किमान २५० रुपये, २०२५ मध्ये व्याज ८.२ टक्के होतं. पीपीएफ पंधरा वर्षांचं, २०२५ मध्ये ७.१ टक्के होतं. या दोन्हींच्या मागे सरकार उभं आहे. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीबद्दल मुलं विचारतात. तिथे हमी कुणीच देत नाही, बाजार खाली गेला की रक्कम कमी दिसते, म्हणून सात-दहा वर्षं लागणार नाही असाच पैसा तिथे टाकायचा. नुसता हिशेब सांगते. महिन्याला एक हजार, वीस वर्षं, म्हणजे आपले २ लाख ४० हजार. सरासरी ७ टक्के पडले तर सुमारे सव्वापाच लाख, १० टक्के पडले तर साडेसात लाखांवर. तेच १० टक्के पण फक्त दहा वर्षं ठेवले तर जेमतेम दोन लाख. पहिल्या दहा वर्षांत दोन लाख आणि पुढच्या दहात साडेपाच. हा आकडा माझ्या मुलाला दाखवला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याने त्या महिन्यात नवा मोबाइल घेतलाच, पण पुढच्या महिन्यापासून हजार रुपये सुरू केले.

या आठवड्याचा अभ्यास असा. घरातल्या सगळ्या पावत्या, पासबुकं, विम्याचे कागद एका पिशवीत काढा. प्रत्येकावर नॉमिनी कोण आहे ते बघा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. कर्ज असेल तर एकूण किती परत करायचं आहे तो आकडा त्याच पानावर.

येत्या रविवारी आरतीनंतर मी आणि दोन सेवेकरी ताई अर्धा-पाऊण तास थांबणार आहोत. ज्यांना यूएएन काढायचा आहे, नॉमिनेशन करायचं आहे, किंवा एखादी योजना खरी की खोटी ते बघायचं आहे, त्यांनी आधार, पगाराची पावती आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन या. ओटीपी तुमच्या मोबाइलवर तुम्हीच टाकायचा, आम्हालासुद्धा सांगायचा नाही. कुठे पैसे ठेवा हे आम्ही कुणाला सुचवणार नाही आणि कुणाकडून पैसे घेणार नाही. ज्या दादांनी ती जाहिरात पाठवली होती, तेही येणार आहेत, त्यांचे कागद बरोबर घेऊन. त्यांना कुणी टोचून बोलू नये, एवढी माझी विनंती आहे.

जय गुरुदेव.